पाच तासांची बाई

"दोघी नको आहेत त्यांना, एकच हवी आहे," सोफियाबाई म्हणाल्या आणि हातातलं पत्र पुन्हा उलगडून चष्म्यावरून आमच्याकडे बघू लागल्या. "आजार कुठला होता ते मी लिहिलंय, त्यांची हरकत नाही. वाचनालयात चार हजार पुस्तकं आहेत. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड लिहायचं. बसून काम, दिवसाला पाच तास. मागे राहायला एक खोली आहे."

व्हरांड्यात आम्ही अकरा जणी चहा पीत बसलो होतो. खोली म्हटल्याबरोबर अकराही पेले थांबले.

ही गोष्ट चौसष्ट सालची. साताऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरावर क्षयाच्या रोग्यांचं मिशनचं आरोग्यधाम होतं, तिथे मी रोगी म्हणून दोन वर्षं काढली. व्हरांड्यात खाटा असत त्या बऱ्या होत आलेल्यांच्या. बऱ्या होत आलेल्या म्हणजे काय, तर खोकला गेला, थुंकी स्वच्छ आली, वजन भरलं, पण चार पायऱ्या चढलं की खाटेची आठवण येणाऱ्या. डॉक्टर खांबेटे प्रत्येकीच्या कार्डावर तास लिहून देत. दोन तास काम झेपेल, चार झेपेल, पाच झेपेल. तिथे कुणी कुणाला जात विचारत नसे, तास विचारत. "ती होय, ती अजून दोन तासांचीच आहे," असं म्हणताना जी आवाजात ऐट येई, ती मी पुढे मोठमोठ्या पगारदारांच्याही आवाजात ऐकली नाही.

आणि बरं झाल्यावर जायचं कुठे, हा खरा आजार. शेत, दळण, धुणं, डोक्यावरची पाटी, यांतलं काहीच आम्हाला करता येणार नव्हतं. म्हणून मेट्रन सोफियाबाई साळवी रात्रंदिवस एकाच गोष्टीच्या मागे असत: बसून करायची कामं. शिवणकामाच्या शाळा, छापखाने, विम्याची कचेरी, जिथे म्हणून खुर्ची असेल तिथे त्यांचं पत्र गेलेलं असे. शंभर पत्रांना चार उत्तरं येत. त्या चारांतलं हे एक होतं.

मी इस्लामपूरला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. उभं राहून, ओरडून शिकवायचं काम आता संपलं होतं. नवऱ्यानं दुसरं घर केल्याचं सासऱ्यांनी कळवलं होतं, तेही पोस्टकार्डावर, म्हणजे पोस्टमनपासून वॉर्डातल्या आयेपर्यंत सगळ्यांनी वाचावं. भाऊ दर पत्रात लिहायचा, 'घाई करू नकोस, पूर्ण बरी हो.' याचा अर्थ मला कळत होता. मी पाच तासांची होऊन तीन महिने झाले होते आणि मला जायला एक इंच जागा नव्हती. त्यामुळे वाचनालयाचं पत्र ऐकल्याबरोबर मी मनातल्या मनात त्या खोलीत कंदील कुठे ठेवायचा तेही ठरवून टाकलं. व्हरांड्यात सातवीची फायनल पास झालेली मी एकटीच होते. दुसरी कोण जाणार?

"अक्षराचा नमुना मागितलाय," सोफियाबाई म्हणाल्या. "ज्यांना लिहायचंय त्यांनी एकेक कार्ड लिहून द्या."

शेजारच्या खाटेवरून गजरा म्हणाली, "मी बी लिवू का, बाई?"

हे तिनं सोफियाबाईंना विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. सगळ्या हसल्या. मीही हसले. "लिही की," मी म्हटलं. "तेवढाच सराव."

गजरा माने तासगावकडची, बावीस वर्षांची. नवऱ्यानं रक्ताची उलटी बघितली त्याच दिवशी तिला माहेरी आणून सोडलं होतं. आई डोक्यावरून भाजी विकायची. चौदा महिन्यांपूर्वी गजरा इथे आली तेव्हा दाखल व्हायच्या कागदावर तिनं अंगठा उठवला होता. मला वेळ जात नव्हता म्हणून मी तिला पाटीवर अक्षरं गिरवायला दिली. ती पडल्या पडल्या गिरवायची. पाठीवर झोपून, पाटी छातीवर धरून, दिवसदिवस. सहा महिन्यांत ती वाचायला लागली आणि वर्षात तिचं अक्षर असं झालं की जणू ताटात लाडू मांडून ठेवलेत. माझं अक्षर मास्तरणीचं, तीस वह्या तपासून लांबलेलं, पळणारं. "बाईंनी शिकवलं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. तेव्हा मला ते फार गोड वाटायचं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. सोफियाबाई व्हरांड्यात आल्या आणि माझ्याकडे न बघता गजराच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथेच मला कळलं.

"तुझं कार्ड पसंत पडलंय."

गजरानं आधी माझ्याकडे बघितलं. मग तोंडावर पदर घेऊन रडायलाच लागली. "बाई, तुमच्यामुळं," म्हणाली.

"चांगलं झालं," मी म्हटलं. माझ्या पोटात इतकं दुखलं की मला वाटलं, आजार परत आला. रात्रभर मला एकच दिसत होतं: ती पोर त्या खोलीत, त्या खुर्चीवर, मी शिकवलेल्या अक्षरांनी माझी कार्डं लिहिते आहे. तिला पुस्तकाचा लेखक कोण आणि छापणारा कोण एवढंही कळत नव्हतं! मी कळवळून शिकवलं आणि स्वतःच्या हातानं स्वतःचं ताट वाढून तिच्यापुढे सरकवलं. सकाळी तिनं मला चहा आणून दिला, तो मी गार होऊ दिला.

सोफियाबाईंचा एक नियम होता. कामावर पाठवण्याआधी पंधरा दिवस इथल्याच कामाच्या खोलीत टेबलाशी पाच तास बसून दाखवायचं. रोज दुपारी चार वाजता ताप बघायचा. नव्व्याण्णवच्या वर गेला की बिछाना, मग नोकरी दुसऱ्या नंबरवालीला. दुसरा नंबर माझा होता.

व्हरांड्यातल्या खाटांचा ताप बघायला नर्स येत नसे. ती वही महिन्याच्या पाळीनं एकेकीकडे असायची, आणि त्या महिन्यात ती माझ्याकडे होती. सगळ्यांची थर्मामीटरं मी वाचायची, माझं शेजारणीनं. स्वतःचं स्वतः कुणी वाचायचं नाही, हाही नियमच. कारण आम्ही सगळ्या जणी लबाडीत तरबेज होतो. घरी जायची घाई असलेली बाई तोंडात बर्फाचं पाणी धरून बसे, आणि घरी जायची भीती असलेली गरम चहा.

दहा दिवस गजराचा पारा साडेअठ्ठ्याण्णवला चिकटून राहिला. मी रोज काच उजेडात धरायची, रोज फिरवून फिरवून बघायची. देवाची आण घेऊन सांगते, मी रोज तो वर सरकलेला दिसावा म्हणून बघत होते. दुपारची जेवणं झाली की मला चार वाजायची हुरहुर लागायची, आणि साडेचारला सगळं अंग गळून जायचं.

अकराव्या दिवशी पारा नव्व्याण्णव पॉइंट चारवर होता.

मी दोनदा बघितलं. आनंद झाला मला. सरळच सांगायचं तर, त्या दोन वर्षांत मला झालेला तो सगळ्यात मोठा आनंद होता.

गजरानं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. "किती हाय, बाई?"

"नव्व्याण्णव चार."

ती पटकन उठून बसली आणि माझं मनगट धरलं. हात गरमच होता. "बाई, आजचा दिस नका लिवू. उनात बसले हुते मी सकाळी, त्याचं आसंल. उद्या उतरंल की."

"उतरला तर उद्या उतरलेला लिहीन."

"आज लिवला तर पंदरा दिस मोडत्यात. मला ठावं हाय की." आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, "आई पाटी घेऊन फिरती, बाई. मी घरी गेले तर म्या बी तीच पाटी घ्यायची. किती दिस जगंन मी?"

मी काय केलं? मी तिला समजावलं. अशा वेळी मास्तरणीच्या तोंडाला काही तोटा नसतो. ताप लपवला तर तिकडे जाऊन कोसळशील, रोग लपवणं म्हणजे स्वतःचा घात करणं, सोफियाबाईंनी आपल्या भरवशावर वही दिली आहे, असं सगळं मी तिला सांगितलं. प्रत्येक शब्द बरोबर होता. एवढं बरोबर मी वर्गातही कधी बोलले नसेन. बोलता बोलताच मी वहीत ९९.४ लिहून टाकलं.

गजरानं मनगट सोडलं. "तुमी म्हणता ते खरंच आसंल," एवढंच म्हणाली आणि पांघरूण घेऊन आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी ९९.६. तिसऱ्या दिवशी डॉक्टर खांबेट्यांनी छातीचा फोटो काढायला लावला. डाव्या बाजूला जुन्या जागेशेजारीच बारीकसं काही तरी पुन्हा धरलं होतं. गजराचे पाच तास खोडून शून्य झाले. खाट मात्र तिची तीच राहिली, माझ्या शेजारची.

सोफियाबाई मला म्हणाल्या, "द्वारकाबाई, उद्यापासून तुम्ही टेबलावर बसा. पंधरा दिवस."

मी बसले. कसली तरी जुनी बिलं वर्षवार लावायचं काम होतं. पाठ ताठ ठेवून पाच तास मी ती लावत होते. चार वाजता परत व्हरांड्यात येऊन आधी सगळ्यांचा ताप बघायची, मग थर्मामीटर स्वतःच्या जिभेखाली ठेवून गजराकडे द्यायची. ती पडल्या पडल्याच वाचायची आणि वहीत लिहायची. तिनं आकडे लिहायला सुरुवात केल्यापासून माझी रांगच तेवढी वहीत देखणी दिसायला लागली. ते बघूनही माझा जळफळाट व्हायचा. नोकरी मला मिळणार होती, तरी व्हायचा. ती मला रोज विचारायची, "आज किती वाजेस्तवर बसला, बाई? दमला न्हाई न्हवं?" आणि मी तुटक उत्तर द्यायची. मला वाटायचं, ही मला टोचून बोलते आहे. ती तशी बोलत नव्हती, हे तर मला आणखीच सहन होत नव्हतं.

चौदाव्या दिवशी जेवणानंतर माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. ज्यांनी हा आजार काढलाय त्यांना दुसरी खूण लागत नाही. टेबलावर बसले होते, पण कागदावरचा आकडा वाचून होईपर्यंत मागचा विसरत होते. चारची घंटा झाली. मी सगळ्यांचा ताप हळूहळू बघितला, एकीचा तर उगाच दोनदा बघितला. शेवटी थर्मामीटर तोंडात धरून गजराच्या खाटेच्या कडेवर टेकले. बर्फाचं पाणी आणायला पाहिजे होतं, हे मला तेव्हा आठवलं.

गजरानं काच उजेडात धरली. बराच वेळ फिरवली.

"किती?" मी विचारलं.

तिनं इकडेतिकडे बघितलं, माझ्या मांडीवरची वही ओढली आणि माझ्या नावासमोर सावकाश लिहिलं: ९८.४. मग थर्मामीटर झटकला. दोनदा, तीनदा, पारा पार खाली जाईपर्यंत झटकला आणि माझ्या हातात दिला.

"खरा किती होता?"

"उद्याचा येकच दिस ऱ्हायलाय," ती कुजबुजली. "उद्या बी मीच लिवनार हाय. तुमी जावा, बाई. खोली हाय तितं. जाऊन निजून ऱ्हावा, पानी बिनी मागं आसंलच. कारडं काय, हळूहळू लिवता येत्यात."

मला आधी काय वाटलं तेच आधी सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. खोली मिळाली, असं वाटलं. क्षणभर मी त्या खोलीत जाऊनही आले.

मग मी तिच्याकडे बघितलं. अंगात ताप असलेली, तास गेलेली, नोकरी गेलेली ती पोर माझ्याकडे असं बघत होती की जणू मी तिची मुलगी आहे आणि ती मला शाळेत सोडायला निघाली आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अक्षरात ती माझ्या पुढे गेली, तेवढं पुरे नव्हतं? आता चांगुलपणातही हिनं माझ्या पुढे जायचं, आणि तिनं दिलेल्या खोलीत तिनं दिलेल्या खुर्चीवर मी जन्मभर बसायचं? रोज सकाळी उठून मनात म्हणायचं, ही गजराची मेहेरबानी?

मी पेन्सिल तिच्या हातातून ओढून घेतली. "खरा किती होता ते सांग."

"बाई, कशाला..."

"सांग."

"नव्व्यान्नव सहा."

मी ते ९८.४ खोडलं. एकदा रेघ मारून भागलं नाही, कागद फाटेपर्यंत खोडलं, आणि शेजारी माझ्या पळत्या अक्षरात ९९.६ लिहिलं.

गजरा उठून बसली. आजवर मी तिला रागावलेली बघितली नव्हती. "आसं का केलंत?"

"तुझ्याकडून मला काही घ्यायचं नाही, म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग होता, तो हळूहळू गेला आणि दुसरंच काही तरी आलं. गणित सुटल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर येतं तसं.

"म्हंजी," ती म्हणाली, "माझा ताप लिवला तवा बी... ते काय माझ्या भल्यासाटी न्हवतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

"बरं वाटलं तुमाला?"

"फार बरं वाटलं."

व्हरांड्याच्या टोकाला कुणी तरी कपबश्या गोळा करत होतं. गजरानं वही स्वतःकडे ओढली आणि त्या फाटलेल्या जागेकडे बघत विचारलं, "पर ताप खरा हुता न्हवं माझा?"

"ताप खरा होता."

"मंग झालं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

वाचनालयात तिसऱ्या नंबरवाली वच्छला गेली. माझ्याही फोटोत डाग निघाला. आम्ही दोघी सात महिने शेजारी शेजारी पडून राहिलो. इंजेक्शनं, गोळ्या, अंडी, दूध. गजरा माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं एका वर्तमानपत्रातला अडलेला शब्द मला विचारला, आणि मी सांगितला. त्या दुपारच्या गोष्टीबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. ताप मात्र दोघींचाही आम्ही डोळ्यांत तेल घालून बघायचो. माझ्याआधी तीन आठवडे तिचा ताप उतरला, आणि मला पुन्हा पोटात दुखलं.

मधल्या काळात वाचनालयाचं पत्र आलं होतं. वच्छलाची कार्डं कुणाला वाचता येईनात, म्हणून तिला पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसवलं होतं, आणि ते पहिल्या पसंतीची बाई बरी झाली का, असं विचारत होते. गजरानं पंधरा दिवस टेबलावर काढले. पारा एकदाही हलला नाही.

ती निघाली त्या सकाळी सोफियाबाईंनी आम्हा दोघींना कचेरीत बोलावलं. गजराजवळ एक पत्र्याची ट्रंक होती आणि अंगावर कडक नवं लुगडं. मी तेव्हा चार तासांची झाले होते आणि मला कुठूनही बोलावणं नव्हतं.

"माझे डोळे आता साथ देत नाहीत," सोफियाबाई म्हणाल्या. "पत्रं लिहायला, पेशंटांची कार्डं सांभाळायला, कुणाला किती तासांचं काम झेपेल ते बघून जागा शोधायला माणूस लागणार आहे. बसून काम आहे. मिशननं मंजुरी दिली आहे. पण ही कार्डं म्हणजे बायकांचे जीव आहेत. एकीनं आकडा बदलला की दुसरी कुठे तरी जाऊन मरते. मी पुष्कळ विचार केला, द्वारकाबाई. ती खोडलेली वही मी बघितली आहे."

मी गजराकडे बघितलं.

"हातातली नोकरी जात असताना ज्या बाईनं स्वतःचा ताप खरा लिहिला, तिच्याकडे कार्डं द्यायला मला भीती नाही." त्या गजराकडे वळल्या. "तू तर शेजारीच होतीस गं. तुझ्यासमोरच झालं ना सगळं? चुकतेय का मी?"

गजरा वाकून ट्रंकेची कडी लावत होती. ती लवकर लागत नव्हती. माझी नोकरी जायला तिचं एक वाक्य पुरलं असतं. तिच्या जागी मी असते तर ते वाक्य मी बोलून टाकलं असतं, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. कडी लागली. गजरा सरळ झाली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"बाईंनी ताप खराच लिवला. माझा बी आनि सोताचा बी."

"ऐकलंत?" सोफियाबाई म्हणाल्या आणि टेबलामागची हाताची खुर्ची माझ्यासाठी ओढली.

मी बसले. तिथे मी पुढे बावीस वर्षं बसले, आणि तीनशेच्या वर बायकांना खुर्च्या शोधून दिल्या. पण त्या सकाळी बसून पुरतं एक मिनिटही झालं नव्हतं तोच गजरा टेबलाला वळसा घालून आली, माझ्या पायांशी वाकली आणि पावलांवर डोकं ठेवलं. तिला उठवून जवळ घ्यायला हवं होतं. त्यासाठी मला उठायला लागलं असतं. मी उठले नाही. उठले तर परत त्या खुर्चीवर बसणं मला जमणार नाही, असं वाटलं.